पोटाचे दुखणे, शस्त्रक्रिया आणि वेदनाशमन : एक संवाद

उदराच्या विकारांवर सामान्य शल्यचिकित्सक ज्या शस्त्रक्रिया वारंवार करतात, त्यांत आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स काढणे, पित्ताशय काढणे, हर्निया दुरुस्त करणे आणि जठराला किंवा लहान आतड्याला पडलेले छिद्र बुजवणे या चार प्रमुख होत. त्यांच्याविषयी रुग्णांच्या मनात जे प्रश्न असतात, आणि रुग्णालयाच्या धावपळीत जे बहुधा विचारायचे राहून जातात, ते पुढील संवादात एका जिज्ञासूने विचारले असून उत्तरे एका शल्यचिकित्सकाने दिली आहेत. पोटातील वेदना ही रोगाची साक्ष असल्याने ती आधी नीट ऐकली पाहिजे, आणि ऐकून झाल्यावर रुग्णाला ती सोसायला लावू नये, हा या संवादाचा मध्यवर्ती विचार आहे.

जिज्ञासू : डॉक्टर, बोट कापले तर नेमके कुठे दुखते ते लहान मूलही दाखवते, पोट दुखू लागले की मात्र जाणत्या माणसालाही पोटावरून हात फिरवून ‘इथे कुठेतरी’ एवढेच सांगता येते. असे का होते?

शल्यचिकित्सक : पोटातील वेदना मेंदूकडे दोन निरनिराळ्या वाटांनी जाते, हे त्याचे कारण. जठर, आतडे, पित्ताशय या पोकळ अवयवांच्या मज्जातंतूंना कापणे किंवा भाजणे फारसे जाणवत नाही. अवयव ताणला गेला, जोराने आकसला किंवा त्याचा रक्तपुरवठा घटला, तर मात्र ते चेततात. हे तंतू मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पोहोचतात आणि अनेक अवयवांचे तंतू एकाच पातळीवर एकत्र येतात, त्यामुळे मेंदूला नेमकी जागा ठरवता येत नाही आणि दुखणे पोटाच्या मध्यभागी, बोथट व मोघम भासते. उलट पोटाच्या भिंतीला आतून ज्या पातळ पडद्याचे अस्तर असते, त्या उदरावरणाला त्वचेइतकीच नेमकी संवेदना असते. दाह तिथवर पोहोचला की दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते.

जिज्ञासू : अपेंडिक्सच्या आजारात दुखणे बेंबीपासून उजवीकडे सरकते असे म्हणतात, ते याचमुळे का?

शल्यचिकित्सक : होय, आणि दोन वाटांचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. आंत्रपुच्छ ही मोठ्या आतड्याच्या आरंभी, उजव्या बाजूला खाली लोंबणारी, साधारण बोटाएवढ्या लांबीची बंद टोकाची नळी आहे. तिचे तोंड घट्ट मळाच्या खड्याने किंवा सुजेमुळे बंद झाले, की आत स्राव साठून ती ताणली जाते आणि पहिले दुखणे बेंबीभोवती जाणवते. बारा ते चोवीस तासांत दाह नळीच्या भिंतीतून बाहेर येऊन उदरावरणाला भिडतो, तेव्हा दुखणे उजव्या ओटीपोटात येऊन स्थिरावते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये या ठिकाणाचे वर्णन केले : नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पिली, तर हाडापासून सुमारे एकतृतीयांश अंतरावर हा दुखरा बिंदू येतो. म्हणूनच ‘आता कुठे दुखते?’ याच्याइतकाच ‘आधी कुठे दुखत होते?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि रुग्णाने आपल्या दुखण्याचा क्रम आठवून सांगितला तर निदानाचे अर्धे काम तिथेच होते.

जिज्ञासू : मग अशा वेळी शस्त्रक्रियेची घाई का करतात? सूज औषधाने उतरणार नाही का?

शल्यचिकित्सक : फुगलेल्या नळीत दाब वाढत गेला, की तिच्या भिंतीतला रक्तप्रवाह थांबतो, भिंत मृत होऊन फुटते आणि पू व जंतू पोटभर पसरतात, उदरावरणाचा हा व्यापक दाह जिवावर बेतू शकतो. बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये हा घटनाक्रम उलगडून दाखवला आणि लवकर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रूढ होत गेली. तीत आंत्रपुच्छाची रक्तवाहिनी बांधतात, नळी तिच्या मुळाशी बांधून कापतात आणि पू असल्यास तो काढून पोट स्वच्छ करतात. हे काम उजव्या ओटीपोटावरील एका छेदातून किंवा दुर्बिणीने तीन बारीक छिद्रांतून करता येते. औषधांविषयीची शंका रास्त आहे. नळी फुटलेली नाही आणि तिचे तोंड खड्याने बंद झालेले नाही, हे सीटी स्कॅनने निश्चित झाले असेल, तर निवडक प्रौढ रुग्णांना केवळ प्रतिजैविके देऊनही बरे करता येते. फिनलंडमधील एका मोठ्या अभ्यासात मात्र असे आढळले, की या मार्गाने गेलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के रुग्णांना पुढील पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. हा पर्याय खरा आहे, पण तो पूर्ण माहिती घेऊन आणि वैद्यकीय देखरेखीखाली निवडायचा असतो. घरी उरलेल्या गोळ्या घेऊन वाट पाहणे म्हणजे हा पर्याय नव्हे.

जिज्ञासू : निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, नाहीतर लक्षणे झाकली जातात, असे अनेकदा ऐकू येते. ते खरे का?

शल्यचिकित्सक : एके काळी वैद्यकीय शिक्षणात तसेच शिकवले जात असे, आणि सोनोग्राफी व सीटी स्कॅन नसलेल्या काळात हाताची तपासणी हेच एकमेव साधन असल्याने त्या सावधगिरीला आधारही होता. नंतर झालेल्या अनेक तुलनात्मक अभ्यासांनी दाखवून दिले, की तपासणीनंतर योग्य मात्रेत वेदनाशामक, अगदी मॉर्फिनसारखे औषधही दिले, तरी निदानातील चुका वाढत नाहीत. उलट कळवळणारा रुग्ण शांत झाल्यावर पोटाचे स्नायू सैलावतात आणि तपासणी अधिक नीट करता येते. तेव्हा रुग्णालयात तपासणी झालेल्या रुग्णाला अहवालांची वाट पाहत तासन्‌तास तळमळत ठेवण्याचे समर्थन आता करता येत नाही. घरचा प्रश्न वेगळा आहे. तपासणीविना गोळ्यांवर गोळ्या घेत दुखणे दाबत राहिले, तर रुग्णालयात पोहोचायला उशीर होतो. त्याहून वाईट म्हणजे पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल किंवा दुसरे रेचक घेणे, कारण त्याने आतड्यांच्या हालचाली जोर धरतात आणि सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याची शक्यता वाढते.

जिज्ञासू : पित्ताशयातील खड्यांचे दुखणे यापेक्षा कसे वेगळे असते?

शल्यचिकित्सक : यकृतात तयार झालेले पित्त पित्ताशयात साठते आणि घट्ट होते, आणि स्निग्ध अन्न लहान आतड्यात आले की पित्ताशय आकसून ते बाहेर सोडते. पित्तातील कोलेस्टेरॉल आणि त्याला विरघळलेले ठेवणारे क्षार यांचा तोल बिघडला, की खडे बनतात. असा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला, तर तळलेल्या किंवा तुपकट जेवणानंतर, बरेचदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी जोरदार कळ उठते, ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते आणि काही तासांत ओसरते. दुखणे ओसरलेच नाही आणि सोबत ताप आला, तर पित्ताशयाला दाह झाला असे समजावे. डोळे व लघवी पिवळी झाली, तर खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी आधी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतील खडा काढावा लागतो. तोच खडा स्वादुपिंडाच्या नलिकेचा मार्ग अडवून त्या ग्रंथीलाही तीव्र दाह करू शकतो.

जिज्ञासू : खडे तेवढे काढून पित्ताशय ठेवता येत नाही का? अवयव गमावल्यावर पचन बिघडणार नाही का?

शल्यचिकित्सक : बर्लिनचे कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण पित्ताशय काढले, ते याच प्रश्नाचा विचार करून. खडे काढून पित्ताशय ठेवलेल्या रुग्णांत ते पुन्हा बनतात, कारण दोष ते बनवणाऱ्या पित्ताशयातच असतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही ग्राह्य आहे. पित्त यकृतात बनते, पित्ताशयात नव्हे. म्हणून ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात येत राहते आणि बहुतेकांचे पचन सुरळीत चालते, काहींना मात्र काही काळ पातळ शौचाचा त्रास होतो. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने खडे दिसले आणि कोणताही त्रास नसेल, तर बहुसंख्य लोकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. अहवालातील ओळीवरून नव्हे, तर रुग्णाच्या त्रासावरून निर्णय घ्यायचा असतो.

जिज्ञासू : दुर्बिणीची शस्त्रक्रिया याच आजाराने घरोघरी परिचित केली. ती आली कशी?

शल्यचिकित्सक : जर्मनीतील एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले, पण त्यांच्या व्यवसायबंधूंनी सुरुवातीला या पद्धतीकडे संशयाने पाहिले. फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये ती केल्यानंतर मात्र तिचा झपाट्याने प्रसार झाला. भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली, आणि एका सरकारी रुग्णालयात ती सुरू झाली या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. दुर्बिणीने रोगाचे निदान करण्याचा प्रघात ते १९७० च्या दशकापासूनच रुजवत होते. या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून भिंत उचलून धरतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि इतरांतून हत्यारे घालतात, पित्ताशयाची नलिका व धमनी यांना क्लिपा लावून त्या कापतात आणि यकृतापासून सुटे केलेले पित्ताशय छिद्रातून बाहेर काढतात. मुख्य पित्तनलिकेला इजा होणे हा यातील सर्वांत गंभीर धोका आहे. म्हणून पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही, हा नियम शल्यचिकित्सक पाळतात. सूज फार असेल आणि रचना ओळखू येत नसतील, तर छेद घेऊन उघडी शस्त्रक्रिया करणे हे अपयश नसून विवेक आहे, असे नातेवाइकांनीही समजून घ्यावे.

जिज्ञासू : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा खांदा दुखतो. पोटाच्या शस्त्रक्रियेचा खांद्याशी काय संबंध?

शल्यचिकित्सक : छाती आणि पोट यांच्यामध्ये असलेल्या श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून निघतो आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पोहोचते. वायूमुळे श्वासपटल ताणले व चेतवले गेले, की मेंदू ती वेदना खांद्याची समजतो. हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत जाते. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसते, पण रुग्णाला ते आधी सांगून ठेवले तर त्याची भीती टळते.

जिज्ञासू : हर्नियाचे काय? गाठ दुखत नसेल तर तिला हात लावू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात.

शल्यचिकित्सक : पोटाच्या भिंतीतील एखाद्या कमकुवत जागेतून उदरावरणाची पिशवी आणि तिच्यासोबत चरबी किंवा आतडे बाहेर डोकावते, त्याला हर्निया म्हणतात, पुरुषांमध्ये तो जांघेत अधिक आढळतो. खोकताना किंवा उभे राहिल्यावर फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. त्रास अगदी किरकोळ असेल, तर प्रौढ पुरुषाने काही काळ वाट पाहणे चालू शकते, परंतु हर्निया औषधाने किंवा पट्ट्याने बरा होत नाही. एकाएकी गाठ आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याला पीळ किंवा आवळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि अशा वेळी काही तासांचाच अवधी हाती असतो. गाठ जोर लावून आत ढकलण्याचा प्रयत्न न करता लगेच रुग्णालय गाठावे.

जिज्ञासू : दुरुस्ती करताना जाळी बसवतात ती कशासाठी?

शल्यचिकित्सक : इटलीच्या एदोआर्दो बास्सिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्नायू आणि ऊती एकमेकींना शिवून जांघेची भिंत पक्की करण्याची पद्धत रूढ केली, पण ओढून शिवलेल्या ऊतींवर ताण येऊन दुखणे राही आणि काहींचा हर्निया परत येई. अमेरिकेतील अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ताण न देता मधल्या जागी कृत्रिम धाग्याची जाळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जाळीच्या छिद्रांतून नवी ऊती वाढून भिंत भक्कम होते. या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. बाजारातील जाळी ग्रामीण रुग्णाच्या आवाक्याबाहेरची असल्याचे पाहून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून पाहिले आणि इतर शल्यचिकित्सकांसह केलेल्या कामाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात तीनशेहून अधिक पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात अशा स्वस्त जाळीचे निष्कर्ष महाग जाळीच्या तोडीचे ठरले. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीशिवाय, रुग्णाच्याच पोटाच्या बाह्य स्नायूच्या पटलाची पट्टी वापरून दुरुस्ती करण्याची पद्धत मांडली.

जिज्ञासू : वेदनाशामक गोळ्यांमुळेच पोटाला छिद्र पडते, असेही म्हणतात. वेदना घालवणारे औषधच वेदनेचे कारण कसे बनते?

शल्यचिकित्सक : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी दाहशामक औषधे जी रासायनिक द्रव्ये रोखून वेदना कमी करतात, त्याच जातीची द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करत असतात. गुडघेदुखी किंवा कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने उपाशीपोटी अशा गोळ्या घेतल्याने व्रण होतो आणि तो खोल जाऊन छिद्र पडू शकते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू हे व्रणाचे दुसरे प्रमुख कारण असून त्याच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छिद्र पडते त्या क्षणी सुरी खुपसल्यागत दुखणे सुरू होते, पोट कडक होते आणि रुग्ण हालचाल टाळून निपचित पडून राहतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रे चित्रात श्वासपटलाखाली हवा दिसली, की निदान बहुधा पक्के होते. शस्त्रक्रियेत पोट धुऊन काढतात आणि वपा म्हणजे आतड्यांसमोर पसरलेला चरबीचा जो पडदा, त्याचा तुकडा छिद्रावर टाक्यांनी बसवतात. कॅनडाचे रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेली ही सोपी युक्ती आजही प्राण वाचवते.

जिज्ञासू : आता भुलीविषयी आणि नंतरच्या दुखण्याविषयी सांगावे. अनेकांना शस्त्रक्रियेपेक्षा याचीच धास्ती असते.

शल्यचिकित्सक : बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल जाहीरपणे दाखवली, त्याआधी पोट उघडणे हे जवळपास अशक्यच होते. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा संपूर्ण भूल देतात, तीत रुग्ण झोपलेला असतो आणि श्वास यंत्राने चालवला जातो. जांघेच्या हर्नियासाठी कमरेतून इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करणे पुरते. भुलीत जठरातील अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी साधारण सहा तास घन आहार आणि दोन तास पाणी बंद ठेवतात. नंतरच्या वेदनेसाठी एकाच औषधाची मोठी मात्रा देण्याऐवजी निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या थोड्या मात्रेत एकत्र वापरतात : ठरावीक वेळी पॅरासिटामॉल, जठर व मूत्रपिंड ठीक असल्यास थोडे दिवस दाहशामक, छेदाच्या कडांना बधिर करणारे इंजेक्शन, सोनोग्राफीत पाहून पोटाच्या स्नायूंच्या थरांमधील मज्जातंतूंभोवती दिलेले बधिरीकरण, आणि त्यावरही दुखले तरच ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध.

जिज्ञासू : अशा औषधांची सवय लागेल म्हणून काही रुग्ण दुखणे निमूटपणे सोसतात.

शल्यचिकित्सक : देखरेखीखाली मोजके दिवस घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका अल्प असतो, उलट सोसण्याची किंमत मोठी असते. पोट दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, तेव्हा फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होतो. तो अंथरुणातून उठत नाही, तेव्हा पोटऱ्यांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात वेदनाशमन, लवकर चालणे आणि लवकर खाणे यांची सांगड घालून रुग्ण वेगाने बरा होतो हे दाखवून दिले. वेदना किती, हे शून्य ते दहा या अंकांत परिचारिकेला सांगणे म्हणजे कुरकुर नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. दुखणे कमी होण्याऐवजी रोज वाढत असेल, तर ते औषध वाढवण्याचे नव्हे, पुन्हा तपासणी करण्याचे कारण समजावे.

जिज्ञासू : संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने काय विचारावे?

शल्यचिकित्सक : निदान काय आणि ते कशावरून, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, दुसरा पर्याय कोणता, संभाव्य धोके कोणते, आणि वेदनाशमनाची योजना काय, एवढे पाच प्रश्न तरी विचारावेत. एका तपासणीसाठी दिलेली संमती, जीव वाचवण्याची तातडी नसताना, दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. हे प्रश्न विचारणे डॉक्टरांवरचा अविश्वास नाही. ज्याच्या पोटावर सुरी चालणार आहे, त्याचा तो हक्क आहे.

या संवादातून वाचकाने एवढे तरी पदरी बांधावे : सहा तासांहून अधिक काळ न थांबणारे किंवा वाढत जाणारे दुखणे, पोट कडक किंवा टम्म होणे, वारंवार उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, ताप, कावीळ, रक्ताची उलटी किंवा काळी शौच, आणि आत न जाणारी दुखरी गाठ, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रेचक, शेक आणि घरची गोळी यांत वेळ न दवडता, काहीही न खाता, जवळच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि तिथे तपासणी झाल्यावर वेदनाशामक निःसंकोच मागावे.